केडगावच्या पंडिता रमाबाई

सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव स्टेशन लागते. तेथेच पंडिता रमाबाईंनी अनाथ मुलींसाठी मुक्तिसदन उभारले. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंना आईवडिलांनी, लोकांचा रोष पत्करून, संस्कृत शिकवले. पुढे दुष्काळात आई, वडील व बहीण उपासमारीने गेली. रमाबाई आणि भाऊ पायी हिंडत राहिले. माझ्या आजीने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली आहे, त्यामुळे हा भाग मला नुसता पुस्तकातला वाटत नाही.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ साली मुंबईत काढलेले शारदासदन पुढे पुण्यात आले. मुली बाटवतात असा गवगवा झाला आणि १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची धास्ती मला समजते. पण त्या बालविधवांना घरी शिक्षण कोण देणार होते?

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्यप्रांतात गेल्या आणि भुकेल्या मुली घेऊन आल्या. त्यांना नुसते जेवू घातले नाही. केडगावात मुली शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छपाई शिकल्या. अंध मुलींनाही शिक्षण मिळाले. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून मराठीत आणलेले बायबल छापले तेही केडगावच्याच छापखान्यात. १९२२ साली बाई गेल्या. पुढेही तेथे मुली येत राहिल्या.