लुई पाश्चर

फ्रान्स देशांतील आर्ब्वा गांवाच्या आसपास १८३१ सालीं एका पिसाळलेल्या लांडग्यानें अनेकांस दंश केला. लोहाराच्या भट्टींतील लाल तापलेल्या लोखंडानें जखमेस डाग देणें, एवढाच उपाय त्या काळीं लोकांस ठाऊक होता. त्या गांवांत कातडीं कमावणाऱ्या एका कारागिराचा आठ वर्षांचा मुलगा राहत होता. तोच पुढें जगद्विख्यात झालेला लुई पाश्चर होय.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजीं झाला. ते वैद्य नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. १८६८ सालीं अर्धांगवायूनें त्यांची डावी बाजू लुळी पडली. तरी संशोधन थांबलें नाहीं. पुढें त्यांनीं पिसाळ रोगाकडे लक्ष वळविलें. ह्या रोगाचें बीज त्या काळच्या सूक्ष्मदर्शक यंत्रांतून दिसत नसे. तथापि रोगी सशांचा मज्जारज्जु कोरड्या हवेंत सुकविल्यास त्यांतील विष सौम्य होतें, असें त्यांना आढळलें. ही लस टोचलेले कुत्रे रोगापासून बचावले.

६ जुलै १८८५ रोजीं आल्सास प्रांतांतील एक माता आपल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टर ह्या मुलास घेऊन पाश्चर यांच्याकडे आली. दोन दिवसांपूर्वीं कुत्र्यानें त्यास अनेक ठिकाणीं चावे घेतले होते. लस टोचावी, तर तिनेंच घात होईल कीं काय ही भीति. न टोचावी, तर मृत्यु समोर उभा! डॉक्टरांचा सल्ला घेऊन पाश्चर यांनीं धीर केला. मुलास तेरा वेळां लस टोचण्यांत आली आणि तो वांचला.

त्याच वर्षीं लुईझ पेलेतिये नांवाची दहा वर्षांची मुलगी दंशानंतर ३७ दिवसांनीं आणली गेली. फार उशीर झाला आहे, हें पाश्चर जाणून होते. अपयश आल्यास निंदा होईल, हेंहि त्यांना कळत होतें. तरी आईबापांस नकार देणें त्यांच्यानें झालें नाहीं. ती मुलगी दगावली. आम्हांस त्यांची थोरवी यशापेक्षां ह्या प्रसंगीं अधिक दिसते.

१८८८ सालीं पॅरिस येथें त्यांच्या नांवाची संस्था उघडली. २८ सप्टेंबर १८९५ रोजीं ते निवर्तले. १९०० सालीं आपल्या देशांतहि कसौली येथें पाश्चर संस्था स्थापन झाली.

आज लस अधिक निर्धोक झाली आहे. परंतु रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं, म्हणजे रोगी बहुधा वांचत नाहीं. म्हणून, विद्यार्थ्यांनो, कुत्रें चावल्यास भीतीनें तें घरीं लपवूं नका. जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवा आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठा. पालकांसहि आमची हीच विनंती आहे. त्या मुलीस जो वेळ लाभला नाहीं, तो आपल्या हातीं आहे.