दीड दिवस शाळेत गेलेले लोकशाहीर

बालमित्रांनो, गेल्या रविवारी जोडाक्षरे गिरवताना वर्गात बरीच कुरकुर झाली. मराठी बोलता येते ना, मग वाचायला कशाला शिकायचे, असेही कुणीतरी विचारले. त्याचे उत्तर म्हणून या अंकात आम्ही अण्णाभाऊ साठे यांची गोष्ट सांगणार आहोत.

अण्णाभाऊंचे खरे नाव तुकाराम. त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचे घर मातंग समाजातले. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानत. शाळेतही अशा मुलांना वेगळे वागवत. छोट्या तुकारामाच्या वाट्याला तिथे अपमान आणि मार आला, आणि त्याची शाळा दीड दिवसात संपली.

पुढे दुष्काळ आणि गरिबीमुळे साठे कुटुंबाने गाव सोडले. तिकिटाला पैसे नव्हते. १९३१-३२ च्या सुमारास, वाटेत मिळेल ती मजुरी करत, ही मंडळी तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर चालून मुंबईला आली. तुकाराम तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता. मुंबईत त्याने कोळसा वेचला, फेरीवाल्याचे गाठोडे उचलले, गिरणीत काम केले.

याच मुंबईत त्याला खरी शाळा भेटली, ती रस्त्यावर! दुकानांच्या पाट्या, भिंतींवरच्या जाहिराती, सिनेमाची पोस्टरे यांच्याकडे बघत बघत तो एकेक अक्षर ओळखू लागला. आपल्या वर्गात निदान फळा आहे, खडू आहे, आणि चुकले तर सांगायला बाई आहेत.

तरुणपणी अण्णाभाऊ नात्यातल्या एका तमाशाच्या फडात शिरले. आवाज खडा, पाठांतर दांडगे, त्यात ढोलकी आणि पेटीवर हात बसलेला. तमाशात गाणे, नाच आणि नाटक असते, आणि लोकांना पोट धरून हसवणारा सोंगाड्याही असतो. हसता हसता मोठमोठ्यांची फजिती करायची त्याला मोकळीक असते. अण्णाभाऊंनी हे बळ बरोबर ओळखले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहत असताना त्यांनी तिथल्या डासांवर गाणे रचले होते, असे सांगतात. अंगाला डास चावत होते, आणि हे त्यांच्यावर कवन करत होते!

१९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि शाहीर गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. तमाशाची सुरुवात गणाने, म्हणजे गणपतीच्या स्तवनाने होत असे. अण्णाभाऊंनी त्या जागी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन केले. गवळणीलाही त्यांनी फाटा दिला. पुढचा वग मात्र पोट धरून हसवणारा. निवडणुकीवर ‘शेटजींचे इलेक्शन’, पुढाऱ्यांवर ‘लोकमंत्र्यांचा दौरा’. दिवसभर राबून आलेले कामगार मैदानात बसून हसत, आणि हसता हसता विचार करू लागत. स्वातंत्र्यानंतर सरकारने काही काळ तमाशावर बंदी घातली. पण अण्णाभाऊ थांबले नाहीत. ‘लोकनाट्य’ हे नाव रूढ होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड पालकांपैकी अनेकांनी ऐकली असेल. पोटासाठी मुंबईत आलेला एक कामगार गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ होतो. ऐकताना वाटते, ही एका नवराबायकोची कथा आहे. पण संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णाभाऊंनी त्या मैनेला दुसरा अर्थ दिला. बेळगाव, कारवार असे मराठी मुलूख महाराष्ट्राबाहेर राहत होते, ती ही ताटातूट. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले, पण बेळगाव-कारवार बाहेरच राहिले. आपण तर समुद्रापलीकडे आलेली माणसे. आपली आजी, आपले अंगण मागे राहिले. ती छक्कड ऐकताना आमच्याही घशात आवंढा येतो, तो यामुळेच.

पाट्या वाचून शिकलेल्या या माणसाने पुढे तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. १९५९ च्या ‘फकिरा’ला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केली होती. १९६१ मध्ये ते रशियाला गेले आणि परत येऊन प्रवासवर्णन लिहिले. एवढे नाव झाले, तरी पैसा कधी टिकला नाही. घाटकोपरच्या चिराग नगरातल्या झोपडीत त्यांनी कितीतरी वर्षे काढली. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची ४९ वर्षेही पूर्ण झालेली नसताना, ते गेले. त्यांच्या नावाचे टपाल तिकीट २००२ मध्ये निघाले, आणि २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. जिवंतपणी मात्र त्यांना कितीतरी वर्षे झोपडीत काढावी लागली, याची आम्हाला खंत वाटते.

तर बालमित्रांनो, सुट्टीत भारतात जाल तेव्हा गाडीच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत चला. जोडाक्षर अडले तर आजोबांना विचारा. परत आल्यावर वाचलेल्या दहा पाट्या वहीत लिहून आणा, आपण त्या फळ्यावर लिहू.