नंदिवर्धनची राणी प्रभावतीगुप्ता

या अंकात मी एका राणीची माहिती लिहीत आहे. तिची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचे नगरधन. ते आपल्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यात, रामटेकजवळ आहे.

प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची मुलगी. तिच्या आईचे नाव कुबेरनागा. तिचे लग्न वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याच्याशी झाले. पण राजा लवकर वारला. मुले लहान होती. तेव्हा युवराज दिवाकरसेन याच्या नावाने तिने स्वतः कारभार पाहिला. ही गोष्ट सुमारे १,६०० वर्षांपूर्वीची.

कारभाराचे १३ वे वर्ष चालू होते. कार्तिक शुद्ध द्वादशीला राणीने दंगुण नावाचे गाव चनालस्वामी या आचार्यांना दान दिले. ती विष्णुभक्त होती. म्हणून दान आधी देवाच्या पायाशी वाहिले. पण नुसते तोंडी सांगून ती थांबली नाही. सगळे तांब्याच्या दोन पत्र्यांवर कोरून घेतले. त्यात गावच्या लोकांना आधी कुशल कळवले, मग आज्ञा दिली. आपल्या माहेरची वंशावळ लिहिली आणि गोत्रही माहेरचेच लावले. मुद्रेवर मात्र ती युवराजाची आई आहे. हे ताम्रपट पुण्यात एका तांबटाच्या घरी मिळाले, म्हणून आज आपल्याला त्या वर्षाची हकीकत कळते.

पुढे तिचे मुलगे दामोदरसेन आणि दुसरा प्रवरसेन राजे झाले. नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही सापडली. तिच्यावर शंख आहे.

मला ही राणी का आवडली ते सांगते. मी तिसरीत असताना माझे बाबा वारले. बाईमाणसाकडून धानाची शेती होत नाही, बांध्या विकून टाक, असे काही नातेवाईक मायला म्हणाले. माय काही बोलली नाही. तिने रोवणी केली. तिची शाळा चौथीतच सुटली होती, तरी तलाठ्याकडे द्यायचा अर्ज तिने रात्री कंदिलाजवळ बसून स्वतः लिहिला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला. आता सातबाऱ्यावर आम्हा भावंडांबरोबर तिचेही नाव आहे.

यावरून मला असा बोध झाला की, कारभार करावा आणि तो लिहूनही ठेवावा. आज माय शाळेत येणार आहे. हा लेख मी तिला वाचून दाखवणार नाही. ती स्वतःच वाचेल.