रेकॉर्डिंगला नाकं मुरडणाऱ्या केसरबाई केरकर रेकॉर्डवरूनच अंतराळात कशा पोहोचल्या?

१९७७ साली ‘नासा’ने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. दोन्हींत सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी होती. त्यात बाख आहे, बीथोव्हेन आहे, चक बेरीचं रॉक अँड रोल आहे आणि भारतातर्फे फक्त एक गाणं आहे: केसरबाई केरकरांची भैरवी, जेमतेम साडेतीन मिनिटांची.

गंमत अशी, की ध्वनिमुद्रणावर या बाईंचा फारसा जीव नव्हताच.

केसरबाईंचा जन्म १८९२ चा, गोव्यात फोंड्याजवळच्या केरी गावचा. लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या, पुढे गोव्यात रामकृष्णबुवा वझ्यांकडे. सोळाव्या वर्षी कुटुंबासह मुंबईला आल्या. गोव्याची अनेक गाणारी घराणी तेव्हा गिरगावच्या आसपास बस्तान बसवून होती. इथेही बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले असे गुरू झाले, पण तालीम तुटक राहिली. अखेर १९२१ मध्ये जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना शिष्या केलं. तेव्हा त्या तिशीला टेकल्या होत्या. म्हणजे नाव कमवायच्या वयात त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून शिकायला घेतलं. खाँसाहेबांची तालीम कडक, अटीही कडक. ती १९४६ मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत चालली.

त्यातून जे गाणं तयार झालं ते संथ, भरदार, लांब दमाचं. एकेक आलाप उलगडत राग उभा राहायचा. आता हे ७८ आरपीएमच्या तबकडीत कसं बसवायचं? एका बाजूला सव्वातीन मिनिटं, संपलं! त्यांनी एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट कंपन्यांसाठी मालकंस, ललितागौरी, नटकामोद असे राग गायले खरे. त्या तबकड्या आजही ऐकाव्यात अशाच आहेत, पण तो त्यांच्या गाण्याचा अर्क आहे, मैफल नव्हे. शिवाय रेडिओ लावला की आपलं गाणं कुठेही, कसंही वाजणार, हे त्यांना पटत नसे. गाणं समोर बसून ऐकायचं, तेही जाणकारांनी, असा त्यांचा खाक्या. याला हेकेखोरपणा म्हणणारे होतेच. पण गाणाऱ्या बाईला मान मागून घ्यावा लागे अशा काळात त्या वाढल्या होत्या, हेही विसरून चालणार नाही.

मान पुढे भरपूर मिळाला. १९४८ मध्ये कोलकात्याच्या संगीतसंस्थेने ‘सूरश्री’ ही पदवी दिली, १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आला, १९६९ मध्ये पद्मभूषण. त्याआधीच, १९६३-६४ च्या सुमारास, त्यांनी जाहीर गाणं थांबवलं होतं. लोक ऐकायला तयार असतानाच त्या उठल्या. नंतरची वर्षं दादरला शिवाजी पार्कात गेली. शिष्यांच्या बाबतीतही हात आखडताच. पुढे ज्यांनी ही तालीम सांभाळली, त्यात नाव घ्यावं असं धोंडूताई कुलकर्णींचंच.

व्हॉयेजरसाठी ही भैरवी सुचवली ती रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीत-अभ्यासकाने. तबकडी मात्र मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात काही प्रती सापडल्या. ५ सप्टेंबर १९७७ ला व्हॉयेजर-१ उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईत वारल्या. २०१२ मध्ये ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर, ताऱ्यांमधल्या अवकाशात गेलं.

पृथ्वीवर राहिलेल्यांसाठी त्या जुन्या तबकड्या आहेत, आणि काही खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणंही रसिकांनी जपली आहेत. आवाज कुठे खरखरतो, मधूनच दाद ऐकू येते. पण तिथे तीन मिनिटांची घाई नाही. आधी भैरवी ऐकावी, मग त्यातली एखादी मैफल लावावी. फरक लगेच कळतो.