समुद्रातला गोल पाया : जॉन स्मीटन

आपल्या सोसायटीची पाण्याची टाकी बांधायची ठरली, तेव्हा पायाचा खर्च पाहून सभेत पहिला हात मीच वर केला होता. बँकेतली सवय, खर्च दिसला की कात्री आठवते. टाकी गोल असू द्या, पण जमिनीखाली एवढा खोल, एवढा रुंद गोल पाया कशाला, तो दिसणार कोणाला, असं मी म्हणालो. इंजिनिअर साहेब चिडले नाहीत. वडनेरची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे त्यांनी सभेला समजावलं. मला मात्र बाजूला घेऊन जॉन स्मीटनचं चरित्र वाचायला सांगितलं. रिटायर झाल्यावर ते वाचलं, म्हणून हा लेख.

स्मीटनचा जन्म 8 जून 1724 रोजी इंग्लंडमध्ये, लीड्स शहराजवळच्या ऑस्थॉर्प इथं झाला. वडील वकील. मुलानेही वकील व्हावं म्हणून त्याला लंडनला धाडलं. पोराचं मन कोर्टात रमेना, त्याचा जीव यंत्रांत. शेवटी वडिलांनी हट्ट सोडला आणि तो मोजमापाची उपकरणं बनवू लागला. 1753 मध्ये तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला. पाणचक्क्या आणि पवनचक्क्यांवरच्या प्रयोगांबद्दल 1759 मध्ये त्याला कोप्ले पदक मिळालं.

पण त्याचं नाव झालं ते एडिस्टोनमुळे. प्लायमाउथ बंदरापासून सुमारे 22 किलोमीटर आत समुद्रात हे खडक आहेत, भरतीला जवळजवळ बुडणारे. तिथलं पहिलं दीपगृह 1703 च्या वादळात वाहून गेलं, बांधणारा विन्स्टनलीसुद्धा त्यातच गेला. दुसरं बरंचसं लाकडाचं होतं, ते 1755 मध्ये जळालं. तिसऱ्यासाठी स्मीटनला बोलावलं, तेव्हा तो जेमतेम एकतीस वर्षांचा.

त्याने ठरवलं की बांधकाम दगडाचंच. आकार ओक झाडाच्या बुंध्यासारखा, खाली रुंद आणि वर निमुळता. लाट कुठल्या दिशेने येईल ते सांगता येत नाही. चौकोनी बांधकामाला सपाट बाजूवर तडाखा जास्त बसतो, गोल बांधकामाला कुठूनही आली तरी ती सारखीच, आणि बरंचसं पाणी वळसा घालून निघून जातं. रुंद बुडामुळे वजन खाली राहतं आणि मनोरा उलथायला बघत नाही. आपल्या टाकीला लाट नसली तरी वाऱ्याचा हिशोब हाच आहे.

खडक मात्र उतरता होता. स्मीटनने तो पायऱ्यांसारखा कोरून घेतला. पहिल्या थरात फक्त चार दगड बसले, मग थर वाढत वाढत पूर्ण गोल झाला. सुतार लाकडाचे सांधे एकमेकांत अडकवतो तसे ग्रॅनाइटचे दगड कापून एकमेकांत आणि खडकातही अडकवले. बुडाशी व्यास सुमारे 26 फूट, वर 17 फूट. काम उन्हाळ्यात, तेही समुद्र परवानगी देईल तेवढे तासच.

मला सगळ्यात भावलं ते चुन्याचं काम. साधा चुना पाण्याखाली घट्ट होत नाही. ठिकठिकाणचे चुनखडीचे दगड आणून त्याने तपासले आणि त्याला आढळलं की ज्या दगडात चिकणमाती मिसळलेली असते त्याचाच चुना पाण्यात धरतो. त्यात इटलीहून आणलेली ज्वालामुखीची माती समभाग मिसळली. आजच्या सिमेंटची वाट इथूनच पुढे गेली, पोर्टलंड सिमेंटचं पेटंट 1824 चं. 16 ऑक्टोबर 1759 रोजी मनोऱ्यात 24 मेणबत्त्या पेटल्या.

पुढे त्याने कालवे, पूल, बंदरं बांधली आणि स्वतःला सिव्हिल इंजिनिअर म्हणवून घेतलं. त्या काळी इंजिनिअर म्हटला की तो लष्कराचाच. सगळंच जमलं असंही नाही. हेक्सहॅमचा त्याचा पूल 1782 च्या पुरात कोसळला. नदीच्या तळातली रेती-वाळू पाण्याने खालून उकरून नेली. वरचं दगडकाम चांगलं होतं, दगा खालून झाला. समुद्राला हरवणाऱ्या माणसाला नदीने हरवलं, आणि ते त्याला फार लागलं. (मी पैसे वाचवून उथळ पायावर बांधायला लावलेल्या कंपाउंड वॉलची डागडुजी तीनदा झाली, हे इथं कबूल करतो. टाकीला एक तडा नाही.)

28 ऑक्टोबर 1792 रोजी ऑस्थॉर्पलाच तो वारला.

एडिस्टोनचा मनोरा शंभराहून अधिक वर्षे उभा राहिला. नंतर त्याच्याखालचा खडकच झिजू लागला, मोठ्या लाटेला वरचे लोक हादरे अनुभवायचे. मनोरा शाबूत, खडक थकलेला! म्हणून 1882 मध्ये शेजारच्या खडकावर नवीन दीपगृह झालं. लोकांनी स्मीटनच्या मनोऱ्याचा वरचा भाग दगड दगड सुटा करून प्लायमाउथच्या टेकडीवर पुन्हा उभारला, आजही लोक तिकीट काढून वर चढतात. बुडाचा भाग मात्र इतका घट्ट बसला होता की त्याला कोणी हात लावला नाही. तो गोल बुंधा अजून समुद्रात, नव्या दीपगृहाच्या बाजूला उभा आहे.