रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप

नागपुरास उच्च शिक्षणासाठीं जाणाऱ्या आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील विद्यार्थ्यांस हिस्लॉप कॉलेजचें नांव ठाऊक असतें. पण तें नांव ज्यांचें, त्या सत्पुरुषाची ओळख थोड्यांसच असते. ती आम्ही येथें करून देत आहों.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ता. ८ सप्टेंबर १८१७ रोजीं स्कॉटलंडांतील डन्स येथें झाला. फ्री चर्चचे मिशनरी म्हणून ते १८४५ त नागपुरास आले व पुढच्याच वर्षीं त्यांनीं शाळा काढली. प्रवासांत त्यांची दृष्टि खडकांकडेहि असे. चांदा भागांतील मांगली येथील दगडांत सांपडलेला प्राचीन उभयचराचा अवशेष रिचर्ड ओवेन या पंडितानें १८५५ त जगापुढें मांडिला. ज्यांस इतर लोक रानटी म्हणत, त्या गोंडांची भाषा, चालीरीति व लिंगोचें गीत हिस्लॉपसाहेबांनीं आदरानें टिपून ठेविलें. ते कागद रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ त छापिले.

तोंपर्यंत हिस्लॉपसाहेब हयात नव्हते. ता. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटचीं प्राचीन शिळावर्तुळें पाहून मंडळी परतली. ते मात्र खेड्यांतील शाळेची परीक्षा घेण्यास मागें राहिले. परततांना पुरानें फुगलेल्या नाल्यांत ते बुडाले. घोडा तेवढा आला, स्वार आला नाहीं. वय अवघें पंचेचाळीस.

१८८३ त निघालेल्या कॉलेजास त्यांचें नांव मिळालें. विद्यार्थीमित्रहो, खेड्यांतील मुलांची परीक्षा त्यांनीं क्षुल्लक मानिली नाहीं, एवढें आपण ध्यानांत ठेवूं या.