बर्था बेंझ : पहिल्या दूरच्या मोटारप्रवासाची सारथी

यंत्राचा शोध लावणाऱ्याचे नाव इतिहास आदराने जपतो. पण ते यंत्र प्रथम रस्त्यावर आणून त्याचे दोष पारखणाऱ्याचे नाव पुष्कळदा मागे पडते. मोटारगाडीच्या बाबतीत हा मान एका स्त्रीकडे जातो. त्या बर्था बेंझ यांचा अल्प परिचय विद्यार्थिमित्रांना करून देण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

बर्था यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतील फोर्ट्‌सहाइम या गावी एका सधन कुटुंबात झाला. त्या काळी तेथील विद्यापीठांची दारे मुलींना बंद होती. तरीही यंत्रांविषयीचे त्यांचे कुतूहल मावळले नाही. मानहाइम येथे कार्ल बेंझ या तरुण अभियंत्याने १८७१ मध्ये भागीदारीत कारखाना काढला. भागीदार भरवशाचा निघाला नाही, तेव्हा बर्था यांनी विवाहापूर्वीच आपल्या हुंड्याची रक्कम देऊन कारखाना वाचविला. २० जुलै १८७२ रोजी उभयतांचा विवाह झाला. पुढील वर्षे ओढगस्तीत गेली. अखेर २९ जानेवारी १८८६ रोजी कार्ल यांनी आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. परंतु लोक गाडी कौतुकाने पाहत आणि निघून जात. गिऱ्हाईक मिळेना. पत्नीचे स्त्रीधन व पतीचे आयुष्य ज्यात ओतले होते, ते सर्व व्यर्थ जाण्याची वेळ आली.

ऑगस्ट १८८८ मध्ये, पतीला न सांगता, ऑयगेन व रिचर्ड या दोन मुलांना घेऊन बर्था पहाटेच मानहाइमहून माहेरी निघाल्या. वाट शंभर किलोमीटरांहून अधिक होती. इतक्या दूर तोपर्यंत कोणतीही मोटार गेली नव्हती.

या प्रवासातील सर्वांत मोठी चिंता इंजिनाच्या उष्णतेची होती. इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा थोडाच भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो; उरलेल्या उष्णतेला वाट करून द्यावी लागते. बेंझ यांच्या गाडीत सिलिंडरभोवती पाणी खेळविलेले असे. ते उकळून वाफ होई आणि वाफेबरोबर उष्णता निघून जाई. अर्थात पाणी सतत घटत असे. ते संपले की धातू प्रसरण पावून दट्ट्या सिलिंडरात घट्ट बसण्याचा धोका! म्हणून विहीर दिसली, ओढा लागला, खानावळ आली, की मायलेकरे थांबून पाणी भरीत.

इतर अडचणीही आल्याच. इंधन संपत आले, तेव्हा वीसलोख येथील औषधालयातून लिग्रॉइन हे द्रव विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली. बर्था यांनी टोपीच्या लांब टाचणीने ती मोकळी केली. विजेच्या तारेवरील आवरण झिजले. तेथे मोज्याचा बंद गुंडाळला. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा चर्मकाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. चढावर तर मुलांनी गाडी ढकलली. दिवस मावळता मावळता सारे फोर्ट्‌सहाइमला पोहोचले आणि कार्ल यांना तार गेली.

काही दिवसांनी त्याच गाडीने बर्था परतल्या. चढासाठी आणखी एक गिअर हवा, ही त्यांची सूचना कार्ल यांनी मान्य केली. मोटारीवर भरवसा ठेवता येतो, हे या प्रवासाने लोकांना दिसले.

पाण्याची ती तहान पुढे कमी झाली. विल्हेल्म मायबाख यांनी १९०० च्या सुमारास मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यात तेच पाणी वाऱ्याने थंड होऊन पुन्हा इंजिनाकडे जाते. आजही घाटात गाडी तापली, तर शोध त्याच क्रमाने घ्यावा : पाणी कमी झाले आहे काय, रबरी नळी गळते काय, पंप व पंखा चालतात काय, थर्मोस्टॅट उघडतो काय, रेडिएटर गंजाने तुंबला आहे काय. मात्र इंजिन बंद करून ते निवेपर्यंत झाकण उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असते. झाकण काढताच उसळणारी वाफ हातातोंडाला भाजते.

कार्ल १९२९ मध्ये निवर्तले. ३ मे १९४४ रोजी, पंचाण्णवाव्या वाढदिवशी, कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाने बर्था यांना सन्माननीय सिनेटरपद दिले. दोनच दिवसांनी लाडेनबुर्ग येथे त्यांचे देहावसान झाले. ज्या युगात विद्यापीठाने स्त्रियांना आत येऊ दिले नाही, त्याच युगातील ही कन्या शेवटी तेथे सन्मानिली गेली.

विद्यार्थिमित्रहो, बर्था यांच्याजवळ पदवी नव्हती, हत्यारांची पेटीही नव्हती. गाडी थांबली की ती का थांबली, एवढेच त्या आधी पाहत आणि जवळ असेल त्या वस्तूने उपाय करीत. गणित अडले वा यंत्र अडले, तरी हीच रीत तुम्हांस उपयोगी पडो, अशी आमची इच्छा आहे.